पायाखाली सातशे मीटरचं धरण

जुन्या विलिस जीपचा ब्रेक दाबला की नळ्यांमधून जेमतेम दीड मिलिलिटर द्रव पुढे सरकतो. चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा. तेवढ्यावर अकराशे किलोची गाडी आणि तिच्यात कोंबलेली माणसं थांबतात. मराठवाड्यातल्या जीपबद्दल बोलताना ‘बसलेली’ म्हणण्यात अर्थ नाही, ‘कोंबलेली’च म्हणायला हवं. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या बोरीसारख्या गावांनी एका जीपमध्ये किती माणसं मावतात याचे एकेक विक्रम पाहिले आहेत. मागच्या पायरीवर लोंबकळणारे तर त्यात मोजलेच जात नसत.

त्या जीपा आता पन्नाशी-साठी गाठून गोठ्याशेजारी, वाड्यामागे, ताडपत्रीखाली पडून आहेत. एखाद्या हौशी नातवाला वाटतं, आजोबांची जीप पुन्हा रस्त्यावर आणू. इंजिन सहसा फार रुसत नाही. टाकी धुतली, प्लग बदलले, नवी बॅटरी लावली की खोकत खोकत ते धडधडायला लागतं. लगेच व्हिडिओ निघतो, गावभर फिरतो. मग कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवतं आणि पेडल थेट पत्र्याला टेकतं. खरं काम इथून सुरू होतं, आणि चक्रावून टाकणारे आकडेही इथूनच.

आधी दाबाचा हिशोब मांडू. समोर म्हैस आडवी आली की घाबरलेला पाय ब्रेकवर ६० किलोचा भार सहज टाकतो. पेडल म्हणजे एक तरफ. ती हा भार सहापट करते असं धरू. म्हणजे नळ्यांत द्रव ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरच्या दट्ट्यावर ३६० किलो आले. दट्ट्याचा व्यास एक इंच, म्हणजे क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंटिमीटर. भागाकार करा: दर चौरस सेंटिमीटरला ७१ किलो.

७१ किलो म्हणजे किती, हे कळायला बोरीकरांना तालुक्याबाहेर जायला नको. जिंतूर तालुक्यातच पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे, साधारण ५१ मीटर उंच. ते काठोकाठ भरलं, तरी भिंतीच्या तळाशी पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला पाच किलोच्या आसपास असतो. जीपच्या पेन्सिलीहून बारीक नळीत त्याच्या चौदापट दाब असतो! नुसत्या पाण्याच्या उंचीतून तो मिळवायचा तर ७१० मीटरचं धरण बांधावं लागेल. चीनमधलं जिनपिंग-१ जगातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक, ते ३०५ मीटरचं आहे. तशी दोन एकावर एक रचली तरी शंभर मीटर कमी पडतात.

येलदरीची साठवण सुमारे ९३ कोटी घनमीटर. ब्रेकमधला सगळा द्रव पाव लिटर धरला, तर धरणात तसे जवळपास ३ लाख ७० हजार कोटी पाव लिटर मावतील. तरीही दाबाच्या बाबतीत धरण हरतं, कारण तिथे पाण्याचं प्रमाण कामाला येत नाही, खोली येते. आणि नळीत खोलीचं काम पाय करतो. बंदिस्त द्रवाला एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलनं सतराव्या शतकात मांडलं. त्याचा प्रबंध छापून आला १६६३ साली, तो वारल्यानंतर. मोटार निघायला अजून दोनशेहून अधिक वर्षं होती.

आता हा दाब चाकांपर्यंत नेऊ. जीपच्या चारही चाकांत एकेक व्हील सिलेंडर असतो आणि प्रत्येकात पाठीला पाठ लावलेले दोन दट्टे. एक पुढच्या शूला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासणाऱ्या तुकड्याला ढकलतो, दुसरा मागच्या. पुढच्या चाकांतले दट्टे एक इंची, मागचे पाऊण इंची. पुढचा प्रत्येक दट्टा ३६० किलोनं ढकलतो, मागचा दोनशे किलोनं. आठांची बेरीज सव्वादोन टन भरते. पाय ६० किलोचा, आणि ढकल गाडीच्या वजनाच्या दुप्पट.

अर्थात निसर्ग उधारीवर काही देत नाही. शू ड्रमला टेकायला दट्टे अर्धा मिलिमीटर सरकतात असं धरलं, तर आठ दट्ट्यांमागे १.६ मिलिलिटर द्रव लागतो. तो पुरवायला मास्टरचा दट्टा तीन मिलिमीटर पुढे जातो आणि पाय एकोणीस मिलिमीटर. तिकडे ताकद चाळीसपट झाली, तर सरकणं चाळीसपट घटलं. व्यवहार चोख. पण त्यामुळेच या यंत्रणेत सगळं अर्ध्या मिलिमीटरवर येऊन ठेपतं. विलिसच्या पुस्तकात शू आणि ड्रममधली फट टाचेकडे पाच हजारांश इंच आणि बोटाकडे आठ हजारांश इंच सांगितली आहे, म्हणजे ०.१३ आणि ०.२० मिलिमीटर. शेतातल्या चिखलातून येणाऱ्या गाडीच्या पोटात घड्याळजीचं माप!

आता त्या पत्र्याला टेकणाऱ्या पेडलकडे वळू. नळीत कुठेतरी हवा अडकली आहे, समजा चहाचा एक चमचा, ५ मिलिलिटर. द्रव जवळपास दबत नाही, हवा दबते. दाब दहापट व्हायच्या आत त्या बुडबुड्याचे साडेचार मिलिलिटर आक्रसून जातात. ते भरून काढायला मास्टरचा दट्टा नऊ मिलिमीटर पुढे सरकतो आणि पेडल पाच सेंटिमीटरहून जास्त खाली जातं. आणि दहापट दाब म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या दाबाचा सातवा हिस्सा फक्त. दोन चमचे हवा असेल तर पाय पत्र्यावर आणि गाडी पुढच्या वळणावर. म्हणून नव्या नळ्या, नवे सिलेंडर, सगळं बसवून झालं तरी एअर काढेपर्यंत त्या ब्रेकची किंमत शून्य. एक जण सीटवर, दुसरा चाकाखाली निपलला पारदर्शक नळी लावून. ‘दाब… धर… सोड’ हा गजर मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू होतो. इथे एक सूचना: जुन्या मास्टरवर एअर काढताना पेडल पूर्ण तळापर्यंत दाबू नका. दट्टा वर्षानुवर्षं ज्या भागात गेलाच नाही तिथे गंज आणि गाळ असतो, आणि रबराची कड त्यावरून एकदा घासली की पुन्हा पहिल्यापासून काम.

वेगाचा हिशोब तर आणखी गमतीचा. दाबाची लाट द्रवातून सेकंदाला हजार मीटरहून जास्त वेगानं जाते. पेडलपासून मागच्या चाकापर्यंत तीन मीटर पोहोचायला दोन-तीन सहस्रांश सेकंद पुरतात. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी जीप तेवढ्यात तीन ते पाच सेंटिमीटर पुढे सरकते. म्हैस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत मात्र माणसाचा पाऊण-एक सेकंद जातो, आणि तेवढ्यात गाडी बारा ते सोळा मीटर गेलेली असते. या साखळीतला सर्वांत मंद भाग आपण आहोत.

दांड्या आणि तारांवरच्या जुन्या ब्रेकमध्ये चार चाकांना सारखी ओढ देणं हा रोजचा वैताग होता. द्रवानं तो संपवला. माल्कम लॉकहीड हा अमेरिकन या कामातला आद्य माणूस. विमानांच्या लॉकहीड कंपनीमागे जे दोन भाऊ, त्यांतला एक. १९२१ साली ल मान्सची फ्रेंच ग्रां प्री जिंकणाऱ्या ड्यूसेनबर्ग गाडीला हायड्रॉलिक ब्रेक होते. फोर्डनं मात्र हट्टानं दांड्या धरून ठेवल्या आणि १९३९ मध्ये शरण गेली. मग महायुद्ध आलं. विलिस आणि फोर्डनं मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीपा बनवल्या. प्रत्येकीत मास्टरचे दोन आणि चाकांचे आठ असे द्रव गळू न देणारे दहा रबरी कप, म्हणजे ६४ लाख कप. नुसते पहिल्यांदा बसवलेले! युद्ध संपल्यावर त्यांतल्या काही जीपा भारतात लिलावात विकल्या गेल्या. पाठोपाठ महिंद्रांनी मुंबईत विलिसच्या जीपा जुळवायला घेतल्या आणि ही जात खेड्यापाड्यांत पसरली. शहरातली तिची बहीण म्हणजे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याची फियाट, पुढे पद्मिनी. तिच्याही चारही चाकांत ड्रमच.

आता उष्णता. जीपचे अकराशे आणि दहा माणसांचे सहाशे, असे १७०० किलो ताशी ६० किलोमीटरनं चालले आहेत. त्या धावण्यातली ऊर्जा सुमारे २३६ किलोज्यूल. पाऊण लिटर पाणी उकळायला पुरेल इतकी. ती चार सेकंदांत संपवायची म्हणजे सरासरी ५९ किलोवॅट, जवळपास ८० अश्वशक्ती. विलिसचं युद्धकाळातलं इंजिन होतं ६० अश्वशक्तीचं. म्हणजे गाडीला वेग देणाऱ्या यंत्रापेक्षा वेग काढून घेणारं यंत्र दांडगं आहे, आणि आपण कौतुक करतो ते इंजिनाचं. ब्रेक दाबल्याच्या पहिल्या क्षणी तर हा आकडा दीडशे अश्वशक्तीच्या पुढे असतो.

सपाटीवर हे चार सेकंदांत उरकतं. घाटात उरकत नाही. पाचगणीहून पसरणी घाटानं वाईला उतरताना गाडी जवळपास ६०० मीटर खाली येते. १७०० किलोच्या जीपला त्या उतारात एक कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. ताशी ६० वरून ४२ वेळा थांबण्याइतकी. ३० लिटरहून जास्त पाणी उकळण्याइतकी. चार ड्रमचं मिळून २० किलो ओतीव लोखंड धरलं आणि एक क्षण मानलं की वारा उष्णता नेतच नाही, इंजिन काहीच मदत करत नाही, तर ड्रम हजार अंशांवर जातील. प्रत्यक्षात वारा नेतो आणि खालच्या गिअरमधलं इंजिनही पुष्कळ खातं. म्हणून घाटात न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणाऱ्याला मी शहाणा म्हणत नाही. वाचलेल्या पेट्रोलच्या बदल्यात तो सगळी उष्णता चार ड्रमच्या गळ्यात घालतो.

आणि ड्रमच्या आत, त्या तापाला चिकटून, व्हील सिलेंडर असतो. त्यात चमचाभर द्रव. डॉट-३ प्रतीचा कोरा द्रव किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असं मानक सांगतं. पण हा द्रव हवेतलं बाष्प पितो, रबरी होजमधूनसुद्धा पितो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच हमी १४० अंशांवर येते. पाव लिटरात ३.७ टक्के म्हणजे ९ मिलिलिटर, दोन चमचेही नाही. तेवढ्यानं ६५ अंशांची गादी पायाखालून काढून घेतली. पाण्याचा एक थेंब ०.०५ मिलिलिटरचा, त्याची वाफ साध्या दाबाला ८० मिलिलिटर होते. मास्टरचा दट्टा तीन सेंटिमीटर सरकला तरी ढकलतो १५ मिलिलिटर. घाट उतरून आलेल्या गाडीचं पेडल अचानक पोकळ लागतं त्यामागे हे गणित असतं. गाडी थंड झाली की पेडल पुन्हा घट्ट होतं, आणि मालक म्हणतो, ‘आता बरं आहे.’ बरं झालेलं नसतं काहीच.

या सगळ्यात माझा आवडता आकडा आहे एका छिद्राचा. मास्टर सिलेंडरमध्ये एक मिलिमीटरपेक्षाही बारीक छिद्र असतं. पाय उचलला की नळ्यांमधला द्रव त्यातून वरच्या टाकीशी जोडला जातो, म्हणजे तापून फुगलेल्या द्रवाला परतायला वाट मिळते. परभणीचा उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यात इंजिनाची आणि ब्रेकची धग. सकाळपासून द्रव ४० अंशांनी तापला, नळ्या-सिलेंडरांत तो १०० मिलिलिटर आहे असं धरलं, तर तो सुमारे ३ मिलिलिटर फुगतो. ब्रेक लागायला किती लागतात? १.६. छिद्र गाळानं बुजलं असेल तर पाय न लावता दुपटीनं ब्रेक लागतो! गाडी जड होते, ड्रम तापतात, द्रव आणखी फुगतो, ब्रेक आणखी आवळतो. मालक इंजिनाला शिव्या घालतो. पेडलला अर्धा इंच मोकळी चाल ठेवा असं पुस्तक सांगतं ते याच छिद्रासाठी. तेवढी चाल नसेल तर दट्टा मागे पुरता येत नाही आणि स्वच्छ छिद्रसुद्धा झाकलेलं राहतं. छिद्र मोकळं करणारी एक बारीक तार किंवा ते बुजवणारा चिमटीभर गाळ अख्ख्या गाडीचा निकाल लावतो.

तर ताडपत्रीखालच्या त्या जीपचं करायचं काय? माझं मत ठाम आहे: एक गळका सिलेंडर बदलून भागवू नका. पाचही सिलेंडर, दहाही कप, सगळ्या होज आणि नळ्या एकदम काढा. ७१ किलोचा दाब सर्वांना सारखाच पोहोचतो. नव्या कपानं पुढचं चाक घट्ट झालं की इतके दिवस कमी दाबावर तग धरलेला मागचा जुना कप पहिल्यांदाच पूर्ण मार खातो आणि फाटतो. शिवाय जुन्या जीपला मास्टर एकच आणि वाट एकच. एक चाक गळलं की चारही गेली. अमेरिकेत दोन स्वतंत्र वाटांची सक्ती नव्या गाड्यांवर १९६८ पासून आली, या जीपा त्याआधीच्या आराखड्याच्या.

कप म्हणजे काही ग्रॅम रबर. त्याच्या पाठीवर ३६० किलो येतात आणि तो गळत नाही, कारण त्याची पातळ कड दाबानंच भिंतीला चिकटते. दाब जितका जास्त तितकी पकड घट्ट. त्यामुळे गंमत अशी की चालत्या गाडीपेक्षा उभी गाडी जास्त गळते. दाब नसताना कड सैल पडते. म्हणून या ब्रेकमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह नळ्यांत कायम चौरस सेंटिमीटरला अर्धा-एक किलो दाब राखून ठेवतो. वीस वर्षं उभ्या गाडीत तोही दाब संपतो, कडा सुकतात, ओल आत शिरते आणि सिलेंडरच्या भिंतीला गंजाचे खड्डे पडतात. होनिंगनं शतांश मिलिमीटरभर खरवडून खड्डा गेला तर ठीक. खोल असेल तर हट्ट नको, लेथवाल्याकडून पितळी किंवा स्टेनलेस स्लीव्ह घालून मूळ इंचावर आणून घ्या. खरवडून मोठ्या केलेल्या भोकात कपाची कड नीट टेकत नाही, आणि टेकली तरी टिकत नाही.

इंजिन ऑइल या यंत्रणेच्या जवळपासही आणू नका. त्यानं हे रबर फुगतं आणि दोन-चार दिवसांत सगळे कप कामातून जातात. धुवायला पेट्रोल-डिझेलही नको, स्पिरिट वापरा.

ड्रम उघडताना काँप्रेसरची हवा मारायची सवय आपल्याकडे सगळ्या गॅरेजांत आहे. ती सोडा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याचे तंतू माणसाच्या केसापेक्षा शेकडो पट बारीक असतात, हवेत तरंगत राहतात आणि फुप्फुसात गेले की तिथेच मुक्काम करतात. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बंद करून टाका. हा आकडा ब्रेकचा नाही, मिस्त्रीच्या आयुष्याचा आहे.

ड्रम लेथवर लावून गोल आहे का पाहा. ताशी ६० ला जीपचं चाक सेकंदाला सात वेळा फिरतं, त्यामुळे थोडासा लंबगोल ड्रमसुद्धा तळपायाला सेकंदाला चौदा धक्के देतो. परभणी ते जिंतूर चाळीसेक किलोमीटरांत तेच चाक साडेसतरा हजार फेरे मारतं, आणि शू अडकून राहिला असेल तर त्यातल्या प्रत्येक फेऱ्याला घासत जातो.

तुमच्याकडे जीप नसेल, तरी कार असेल. बऱ्याच मोटारसायकलींनाही आता डिस्क आणि तोच द्रव आहे. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते सर्व्हिसच्या पावतीवर शोधा. तारीख दोन वर्षांहून जुनी असेल किंवा सापडतच नसेल, तर घाटात जायच्या आधी, याच आठवड्यात बदलून घ्या.